इंजिनाआधी गालिचा उचलून पाहा

कराडहून एका वाचकाने पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे: "माझे वय २८ आहे. येथील एका कारखान्यात मी देखभाल विभागात काम करतो. मोटारसायकलचे इंजिन मी स्वतः खोलून पुन्हा बसवले आहे, पण मोटारीला कधी हात लावलेला नाही. गुहागरजवळच्या एका गावात २००५ सालची मारुती ८०० विकायची आहे आणि ३२,००० रुपये सांगत आहेत. गाडी सुरू होते, परंतु सकाळी निळा धूर सोडते आणि चढावर गरम होते. पासिंग संपून ८ महिने झाले आहेत. आरसी बुकावर अजून पहिल्या मालकांचे नाव आहे आणि ते मुंबईला राहतात. विकणारे म्हणतात, नोटरी करून देतो, बाकीच्या कागदांचे नंतर बघू. माझ्याकडे एकूण ९०,००० रुपये आहेत. पत्नीला सहावा महिना आहे, म्हणून बाळ येण्यापूर्वी गाडी दुरुस्त करून दारात उभी करावी असे मनात आहे. आई म्हणते, भंगार दारात आणू नकोस. मी काय करावे?"

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाडीत बसवलेल्या आहेत. एक म्हणजे तीन महिन्यांत घरात बाळ येणार आहे आणि त्या वेळी वाहन हाताशी हवे, ही गरज. दुसरी म्हणजे स्वतःच्या हाताने मोटार खोलावी, समजून घ्यावी आणि पुन्हा चालती करावी, ही इच्छा. दोन्ही योग्य आहेत. पण पहिलीचा भार दुसरीवर टाकू नका. ज्याने मोटारीला अजून हात लावलेला नाही, त्याला कामावरून आल्यानंतरच्या वेळात आणि रविवारी असे काम करायचे झाले, तर तीन महिने पुरत नाहीत. एखादा भाग मिळायला पंधरा दिवस लागतात, एखादा बोल्ट तुटतो, लेथवाल्याकडे रांग असते, आणि मग घाईत ब्रेकचे काम अर्धवट राहते. म्हणून प्रसूतीच्या वेळची सोय आजच वेगळी लावा. ओळखीच्या रिक्षावाल्याला किंवा जीपवाल्याला आत्ताच सांगून ठेवा आणि १०८ व १०२ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. एवढे झाले की गाडीचा प्रश्न शांतपणे पाहता येईल, आणि तो शांतपणेच पाहायला हवा, कारण स्वस्त जुन्या गाडीत माणूस फसतो तो बहुधा घाईमुळे.

माझ्यावरून सांगतो. १९९७ साली पुण्यात मी एक थकलेली प्रीमियर पद्मिनी घेतली होती. पाच महिने खपून मी तिचे इंजिन उतरवले, बोअर करून (म्हणजे सिलिंडर आतून घासून) घेतले, पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या, आणि ते अतिशय सुरेख चालू लागले. त्यानंतर मागच्या चाकांचे काम काढले, तेव्हा जिथे स्प्रिंगचे पट्टे बॉडीला धरलेले असतात तिथला पत्रा हातात आला. त्यावर पुट्टी आणि रंग इतका सफाईने चढवलेला होता की वरून काहीच कळत नव्हते. वेल्डिंग करणाऱ्या दोन कारागिरांनी गाडी पाहिली आणि दोघांनीही हात लावायला नकार दिला. धरायला चांगला पत्राच शिल्लक नव्हता. नवे इंजिन घातलेली ती गाडी मी भंगारात दिली. तेव्हापासून माझे मत पक्के आहे की जुन्या गाडीचे इंजिन ही सर्वांत शेवटी पाहायची गोष्ट आहे. इंजिन बिघडले तर दुरुस्त होते, न झाले तर दुसरे मिळते. सडलेला सांगाडा आणि अडकलेले कागद मात्र घरच्या अंगणात दुरुस्त होत नाहीत, आणि तुम्ही पाहिलेल्या गाडीत नेमक्या याच दोन जागी शंका आहे.

आधी पत्र्याचे बोलू. मारुती ८०० ला ट्रकसारखी वेगळी चासी नसते; पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा असतो, आणि इंजिन, चाके, स्टिअरिंग सगळे त्यालाच धरलेले असते. गुहागर समुद्रकाठचे गाव आहे. खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात वीस वर्षे राहिलेल्या गाडीला गंज चढतो तो दिसणाऱ्या जागी कमी आणि झाकलेल्या जागी जास्त. त्यामुळे बॉनेट उघडण्यापूर्वी पुढच्या दोन्ही सीटखालचा रबरी गालिचा आणि त्याखालचे नमदे उचला आणि फरशीचा पत्रा बोटाने दाबून पाहा. दाराखालून पुढून मागे जाणारी जी पोकळ पट्टी असते, तिच्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि आतून गंजाची पूड खाली गळते. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक बरोबर न्या, कारण पुट्टी भरलेल्या जागी ते चिकटत नाही. पुढच्या शॉकअपचे वरचे टोक बॉनेटखाली ज्या गोल जागेत बोल्टने धरलेले असते ती जागा, बॅटरीखालचा पत्रा (तिथे आम्ल सांडलेले असते), स्टेपनीचा खळगा आणि मागच्या सस्पेन्शनचे आधार, एवढ्या ठिकाणी टॉर्च लावून पाहिल्याशिवाय परत येऊ नका. दाराच्या खालच्या कडेला किंवा मडगार्डला गंज असेल तर चिंता नाही. तो दिसायला वाईट असतो एवढेच. सांगाड्यातला गंज मात्र जिवाशी खेळतो, आणि तो वर सांगितलेल्या जागांपैकी एका जरी जागी आरपार गेलेला असेल तर ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोकणातील गाडीबाबत आणखी एक तपासणी करावीच लागते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. ही गाडी त्या वेळी कुठे होती, असे सरळ विचारा, पण उत्तरावर विसंबू नका. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुरात राहिलेल्या गाडीच्या पट्ट्याच्या आतल्या भागावर पाण्याची मळकट रेघ सापडते. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांच्या खोबणीत वाळलेला गाळ, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज आणि वायरींच्या जोडांवर हिरवट थर दिसला, तर समजून घ्या. २००५ सालच्या गाडीत कार्ब्युरेटर नसून एमपीएफआय आहे, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण संगणकीय नियंत्रक ठरवतो. वायरिंगमध्ये एकदा पाणी शिरले की आज सुरू होणारी आणि उद्या न होणारी अशी गाडी नशिबी येते. नवख्या माणसाला यासारखा निराश करणारा बिघाड दुसरा नाही.

आता कागद. विकणारे गृहस्थ नोटरीचे म्हणत आहेत, ते मान्य करू नका. नोटरी केलेल्या कागदाने गाडी तुमच्या नावावर होत नाही. ती होते आरटीओच्या नोंदीने, आणि त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० वर सही लागते ती नोंदणीकृत मालकाची, म्हणजे मुंबईच्या गृहस्थांची. मधल्या माणसाच्या सहीला तिथे अर्थ नाही. ते मुंबईचे गृहस्थ हयात आहेत ना, हेही विचारा. नसतील तर आधी वारसांना नमुना ३१ वर गाडी आपल्या नावावर करून घ्यावी लागेल. आरसीवर कर्जाचा बोजा नोंदलेला असेल, तर कर्ज फिटले असले तरी बँकेचे पत्र आणि नमुना ३५ याशिवाय तो उतरत नाही. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून बोजा, विमा आणि थकलेले ई-चलान हे सर्व घरी बसून पाहता येते. गुहागरला निघण्यापूर्वीच ते पाहा. तिथे गेल्यावर बॉडीवर कोरलेला चासी क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. क्रमांक घासलेला किंवा न जुळणारा आढळला तर पुढची कोणतीही चर्चा करू नका.

मुंबईचे गृहस्थ सहीसाठी टाळाटाळ करतील अशी भीती वाटत असेल, तर त्यांना एक गोष्ट नम्रपणे सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी हातोहात विकली गेली असली, तरी अपघात झाल्यास नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्यालाच मालक धरून भरपाईची जबाबदारी येते. इतकी वर्षे ती जबाबदारी त्यांच्या डोक्यावर आहे. नाव बदलण्यात तुमच्याइतकेच त्यांचेही हित आहे, हे कळले की माणसे सहसा सही करतात.

पासिंगचा हिशेब तुम्ही पत्रात धरलेला दिसत नाही, आणि मला वाटते विकणाऱ्यांनीही तो मुद्दाम बोलण्यात आणलेला नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर ती दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ही गाडी २० वर्षे ओलांडून गेली आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा हलक्या मोटार वाहनाच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये केले आहे. त्यावर उशिराबद्दल दर महिन्याला ५०० रुपये असा नियम आहे, म्हणजे ८ महिन्यांचे ४,००० झाले. हे १४,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर, विमा आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट. कराडच्या आरटीओ कार्यालयात आरसीची प्रत घेऊन जा, एकूण किती भरावे लागेल तो आकडा लिहून आणा, आणि गाडी जिथे नोंदलेली आहे तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल का तेही विचारून घ्या. तो आकडा हातात असला की भावाची बोलणी ३२,००० वरून सुरू होत नाहीत. निदान १४,००० वजा करून, १८,००० वरून सुरू होतात. व्यवहार जमला तर विसार म्हणून थोडी रक्कम द्या आणि उरलेली रक्कम नोंदणीकृत मालकाच्या सह्या झालेले नमुने आणि मूळ आरसी हातात पडल्यावरच द्या.

पत्रा आणि कागद या दोन्ही परीक्षांत गाडी उतरली, तर मग बॉनेट उघडा. "मी येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका" असे आदल्या दिवशी फोन करून सांगा आणि पोचल्यावर इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करा. धूर पाहायचा तो पहिल्या सुरुवातीचा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तो सुरू केल्यावर मिनिटभर येऊन थांबत असेल, तर बहुधा वॉल्व्हचे रबरी सील कडक झाले आहेत आणि रात्रभरात त्यांतून ऑइल खाली उतरते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर प्रत्येक वेळी येत असेल, तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत. यांतला फरक कॉम्प्रेशन गेजने, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मापकाने, नक्की कळतो. ओळखीच्या मेकॅनिककडून गेज आणा किंवा त्यालाच बरोबर न्या. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहा. एखादा बराच कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांत आहे, न वाढला तर वॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद करणारा पातळ थर). शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे सारखेच खाली असतील, तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट गेली आहे असे धरावे.

गरम होण्याची तक्रार याच्याशीच जोडलेली असू शकते. रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडा आणि आतले पाणी पाहा. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे साधे पाणी घातलेले असेल तर ते तांबूस दिसेल, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजलेल्या असतील. पंखा लागतो का, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) जागेवर आहे की कोणी काढून टाकला आहे, हेही पाहा. इंजिन चालू झाल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमली असेल, तर बहुधा हेड गॅस्केट फुटलेली आहे. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असल्यामुळे वारंवार गरम झाल्यास हेड वाकते आणि लेथवाल्याकडून फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, घ्यावे लागते. यात तुमच्यासाठी एक दिलासा आहे. धूर वॉल्व्ह सीलचा आणि उष्णता गॅस्केटची असेल, तर दोन्ही दुखण्यांचे काम एकच, म्हणजे हेड उतरवणे. ते उतरवल्यावर सील बदलणे, वॉल्व्ह घासणे, फेसिंग आणि टायमिंग बेल्ट सर्व एकाच वेळी होते. मोटारसायकलचे इंजिन बसवलेल्या माणसाला हे जमेल. बोल्ट मात्र टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणारा पान्हा), सांगितलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळायचे. हाताच्या अंदाजावर जाऊ नका. सुटे भाग मिळण्याची चिंता नको, कारण हेच ७९६ सीसीचे इंजिन ओम्नीतही होते आणि ती २०१९ पर्यंत बनत होती.

गाडी घेतलीत तर ती चालवत कराडला आणू नका. पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर चालवणे बेकायदा आहे, आणि चढावर गरम होणाऱ्या, ब्रेक न तपासलेल्या गाडीने कुंभार्ली घाट चढणे हे पत्नी घरी वाट पाहत असताना करण्यासारखे काम नाही. टेम्पोवर किंवा टोइंगच्या गाडीवर टाकून आणा आणि तो खर्च आत्ताच हिशेबात धरा. पुढे नूतनीकरणासाठी गाडी निरीक्षकांना दाखवावी लागेल, तेव्हा नेण्या-आणण्याचा खर्च पुन्हा येईल.

अंगणात आल्यावर कामाचा क्रम चुकवू नका. नवख्यांना रंग आणि सीट कव्हर आधी सुचतात. तुम्ही सुरुवात करा ती ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगपासून. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. १५१९ म्हणजे २०१९ सालचा पंधरावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर वापरू नये. पुढच्या चाकांच्या ॲक्सलवरचे रबरी बूट फाटले आहेत का आणि पूर्ण वळणावर कट-कट आवाज येतो का, ते पाहा. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून जुने सगळे काढून नवे भरा; पाइप आणि मागचे व्हील सिलिंडर यांना मात्र पहिल्या वेळी अनुभवी मेकॅनिकबरोबर बसूनच हात लावा. त्याला त्याच्या कामाचे पैसे द्या आणि शेजारी बसून शिका. पेट्रोलचे रबरी पाइपही सगळे बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. २००५ सालचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते, आणि गरम इंजिनाजवळ गळणारा पाइप म्हणजे आग.

आणखी एक विनंती, आणि ती मी अगदी कळवळून करतो आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक क्षणही जाऊ नका. जॅकची तेलाची सील केव्हा सुटेल हे कोणालाही सांगता येत नाही. पान्हे घेण्यापूर्वी चांगल्या प्रतीचे दोन जॅक स्टँड घ्या, सपाट फरशीवरच काम करा, मागच्या चाकांना उटी लावा, आणि कोणीतरी हाकेच्या अंतरावर असेल तेव्हाच गाडीखाली जा.

पैशांचे गणित मांडून पाहा. समजा, व्यवहार २०,००० ला ठरला. पासिंगचे १४,००० गेले की ९०,००० मधले ५६,००० उरतात. त्यातले २०,००० बाळंतपणासाठी बाजूला काढून ठेवा आणि त्यांना गाडीसाठी हात लावणार नाही असे पत्नीला सांगा. उरलेल्या ३६,००० मध्ये वाहतूक, कर, विमा, टायर, बॅटरी, ब्रेक, हत्यारे आणि हेडचे काम बसवायचे आहे. ते बसेल, पण जेमतेम. रिंगा-बोअरचे काम निघाले तर बसणार नाही. म्हणून कॉम्प्रेशनचे आकडे वाईट आले, तर पत्रा आणि कागद चांगले असूनही मी तुम्हाला ही गाडी सोडायला सांगेन. मारुती ८०० जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. २०१२-१३ सालची, घाटावरच वाढलेली, एकाच मालकाची आणि पासिंग शिल्लक असलेली एखादी गाडी थोडे थांबून शोधलीत, तर ती महाग पडेल, पण शिकण्यासाठी आणि कुटुंबासाठी दोन्हीकडून बरी पडेल.

आईंचे म्हणणे मनावर घ्या. दारात अर्धवट खोललेली गाडी, सांडलेले ऑइल आणि रात्री उशिरापर्यंत काम करणारा मुलगा हे घरात तान्हे बाळ असताना कोणालाही जड जाईल. गाडी कुठे उभी राहील, ती किती महिन्यांत संपवायची आणि न संपल्यास काय करायचे, हे तिघांनी बसून आधी ठरवा. अखेर ती भंगारातच द्यावी लागली, तर शासनमान्य वाहन भंगार केंद्रात द्या आणि ठेव प्रमाणपत्र घ्या. तसे केले की तिची नोंदणी रद्द करून घेता येते आणि तिच्या नावाने पुढे काही उद्भवत नाही.

येत्या रविवारी गुहागरला जाणार असाल तर टॉर्च, लोहचुंबक, फडके, स्क्रूड्रायव्हर आणि कॉम्प्रेशन गेज एवढे बरोबर न्या. पैसे घरी ठेवा. गेल्याबरोबर गालिचा उचलण्याची परवानगी मागा. ती मिळाली नाही, तर बाकी काही न पाहता दुपारच्या एसटीने परत निघा. मिळाली आणि पत्रा टणक वाजला, तर फोटो काढून मला पाठवा. कॉम्प्रेशनचे तीन आकडेही त्याबरोबर लिहा.